राखणीची मजुरी

नमस्कार श्रोतेहो.

जंगल पुन्हा उभं करण्यासाठी सरकारी योजनांतून पैसा येतो. तो गावापर्यंत कसा पोचतो आणि नेमका कुठे अडतो, याबद्दल आज मला बोलायचं आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना आराखडे आणि प्रस्ताव तयार करायला मदत करणं हे माझं काम. नकाशे, कक्ष क्रमांक, निस्तार पत्रक म्हणजे गावाच्या जंगलवापराच्या हक्कांची नोंद, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता. ऐकायला रुक्ष वाटेल, पण डोंगर हिरवा होतो तो याच फायलींच्या वाटेनं.

2006 च्या वनहक्क कायद्यानं गावाला आपलं पारंपरिक जंगल राखण्याचा आणि सांभाळण्याचा हक्क दिला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर तो मिळाला. ते जंगल मुळातच दाट होतं, बांबूनं भरलेलं. पण सगळ्यांचं नशीब तसं नसतं. अमरावती जिल्ह्यात मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर आहे. 2012 मध्ये त्या गावाला सुमारे 193 हेक्टर मिळालं ते कागदावर जंगल होतं, प्रत्यक्षात उघडीबोडकी टेकडी. गावानं खोज या संस्थेची साथ घेतली, रोजगार हमीतून समतल चर खोदले, रोपं लावली, चराई थांबवली. पुढे तिथली सीताफळं मुंबईच्या बाजारात गेली आणि 2014 मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कारही गावाला मिळाला.

पायविहीरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. मला त्यातली एकच बाब पुढे आणायची आहे. चर खोदायला आणि रोप लावायला योजनेत दर ठरलेला असतो. खड्ड्याचा दर, रोपाचा दर, खताचा दर, सगळं कोष्टकात बसतं. ती टेकडी उन्हाळ्यामागून उन्हाळे राखायची, त्याला मात्र कोष्टकात फार थोडी जागा असते. राखणीची तरतूद असते, नाही असं नाही. पण ती रोपवनाच्या मोजक्या वर्षांपुरती आणि त्या कुंपणापुरती. कुंपणाबाहेर जे जंगल आपोआप परत येऊ पाहतंय, ते कुणाच्याच हिशेबात नाही. आपल्या राज्यात 2019 मध्ये एकाच मोहिमेत 33 कोटी झाडं लावायचं उद्दिष्ट होतं. लावलेली झाडं मोजायची सवय आपल्याला अशी पक्की लागली आहे. माझ्या मते इथेच गाडी चुकते.

मोहाचं उदाहरण घ्या. मार्चमध्ये मोहफूल पडायला लागतं. पहाटे वेचताना फूल दिसावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून जमीन साफ करायची, ही जुनी रीत. ती आग कधी झाडाखालीच विझते, कधी वाऱ्यानं अख्खी टेकडी चढते. मग पावसाळ्यात टोळीतून, म्हणजे मोहाच्या बीतून, उगवलेली मोहाची कोवळी रोपं पुढच्या मार्चमध्ये जळून जातात. म्हणूनच कित्येक ठिकाणी आज मोहाची म्हातारी झाडं दिसतात, पण कमरेएवढं पोर दिसत नाही. यावर उपाय काय? पाचोळा खराट्यानं गोळा करून बाजूला ओढायचा, असा नियम ग्रामसभेनं करायचा. त्याला रुपयाही लागत नाही. खर्च आहे तो फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, साफ ठेवणाऱ्या आणि आगीवर नजर ठेवणाऱ्या माणसांच्या मजुरीचा. जमिनीत मुळं जिवंत असतील, तर तेंदू, धावडा, ऐन ही झाडं बुंध्यापासून पुन्हा फुटतात. त्यांना नर्सरी लागत नाही, चार-पाच वर्षं कुणी पेटवू नये आणि ओरबाडू नये एवढंच लागतं. अशा कामाला अनुदान मागितलं की टेबलापलीकडून प्रश्न येतो, “पण यात रोपं किती?”

मी म्हणते, हा प्रश्न बदलून घेणं हेच आमचं काम. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावानं आपल्या जंगलाचा एक भाग देवाच्या नावानं राखून ठेवला, तिथे कुणी काहीच तोडत नाही. रोपं मोजणाऱ्या तक्त्यात अशा राखीव तुकड्याची नोंद कुठे करणार?

पैसा नाही असंही नाही. खाणी, धरणं, रस्ते यांसाठी जंगल जातं तेव्हा जमा होणाऱ्या रकमेतून, म्हणजे कॅम्पातून, 2019 मध्ये केंद्रानं राज्यांना 47 हजार कोटींहून जास्त रक्कम दिली. 2016 चा त्याचा कायदा आणि 2018 चे नियम पाहिले तर त्यात ग्रामसभेशी सल्लामसलत आहे. सल्लामसलत म्हणजे संमती नव्हे. गावाच्या हक्काच्या जंगलात गावाला न विचारता सागवान लावलं, तर गुरांचा चारा जातो, चारोळी जाते, आणि ते रोपवन राखायला गावातलं कुणी पुढे येत नाही. हे मला मनापासून सलतं.

तेव्हा ज्या गावांकडे सामूहिक वनहक्काचा दाखला आहे, त्यांना माझी विनंती आहे. आधी जंगल फिरून घ्या. नाला कुठे कापतोय, घाणेरीचं झुडूप कुठे माजलं आहे, आग दरवर्षी कोणत्या बाजूनं येते, हे जाणत्या म्हाताऱ्यांना आणि मोह वेचणाऱ्या बायकांना सोबत घेऊन नकाशावर उतरवा. गुराख्यालाही न्या, त्याला जे दिसतं ते मोजणीदाराला दिसत नाही. आराखड्यात राखणीची मजुरी स्वतंत्र बाब म्हणून लिहा, खड्ड्यांच्या खाली दडवू नका. गाव पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागासाठीच्या पंचायत कायद्याखाली येत असेल, तर 5 टक्के अबंध निधीतला, म्हणजे कुठल्या एका योजनेला न बांधलेल्या निधीतला, एक भाग वनसंवर्धन आणि जलसंधारणासाठी आहे. त्यातून ही मजुरी मागा. ठराव जानेवारीतच घ्या, म्हणजे पहिली आग लागण्याआधी माणसं जंगलात असतील. आणि ठरावाची नक्कल गावात ठेवा, कार्यालयातून सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय परतू नका.

नमस्कार.