शर्मन दांपत्य, अब्जावधींची इस्टेट आणि एक सीलबंद फाइल

कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने जून २०२१ मध्ये एक निकाल दिला, शर्मन इस्टेट विरुद्ध डोनोव्हन. बॅरी आणि हनी शर्मन या टोरांटोच्या नवरा-बायकोला जाऊन तेव्हा साडेतीन वर्षं झाली होती. आता एवढ्या वरच्या कोर्टात गेली म्हणजे खुनाचीच केस असणार असं कोणालाही वाटेल, पण खुनाची केस आजपर्यंत कुठल्याच कोर्टात उभी राहिलेली नाही, कारण आरोपीच नाही. सुप्रीम कोर्टात जे गेलं ते प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून खरं ठरवून घ्यायच्या, फाइलचं भांडण होतं. मृत्युपत्राचे कागद लोकांनी बघायचे की नाही, एवढंच.

या व्हिडिओत आपण खुनी कोण ते सांगणार नाही, ते आधीच सांगून टाकतो. त्यासाठी यूट्यूबवर भरपूर लोक बसलेत. आपण पैशाच्या मागे जाऊ, कारण या केसमधल्या जवळपास प्रत्येक अफवेचं मूळ पैशातच आहे आणि तो पैसा नेमका कसा ठेवला जातो हे फार कमी लोक नीट सांगतात.

तर बॅरी शर्मन म्हणजे अपोटेक्सचे मालक. जेनेरिक औषधांची कंपनी, सुरू केली १९७४ मध्ये, आणि ती कॅनडातली सगळ्यात मोठी जेनेरिक कंपनी झाली. माणूस मुळात इंजिनिअर, एमआयटीतून डॉक्टरेट केलेला. वडील लहानपणीच गेले. जेनेरिकचा धंदा म्हणजे अर्धा केमिस्ट्री आणि अर्धा कोर्टकचेरी, कारण मोठ्या कंपनीचं पेटंट संपायच्या आधीच ते खोटं पाडता आलं तर मार्केट तुमचं, आणि यात बॅरी इतके मुरलेले की एखादा वकील केस घेतो तशी ते रोज नवी केस घ्यायचे. कधी अंगाशीही यायचं. प्लाविक्स म्हणून रक्त पातळ करायचं औषध आहे, त्याची जेनेरिक गोळी अपोटेक्सने २००६ मध्ये अमेरिकेत बाजारात आणली, पुढे पेटंटची केस हरले आणि ४४ कोटी डॉलरच्या वर भरपाई द्यावी लागली. आपल्याकडचा संबंध सांगायचा तर बेंगळुरूमध्ये त्यांचे प्लांट होते आणि तिथल्या डेटाच्या गडबडीवरून २०१४ मध्ये कॅनडा सरकारनेच तिथून येणारा माल थांबवला होता. म्हणजे शत्रू म्हणाल तर या माणसाला कमी नव्हते, आणि दोस्त म्हणाल तर पंतप्रधानापर्यंत. गेले तेव्हा एका कॅनेडियन मासिकाच्या यादीत त्यांची संपत्ती ४.७७ अब्ज कॅनेडियन डॉलर धरली होती. गाडी मात्र जुनीच वापरायचे.

हनी शर्मन यांचे आईवडील नाझींच्या छळातून वाचलेले, आणि त्या स्वतः युद्धानंतरच्या निर्वासितांच्या छावणीत जन्मलेल्या. टोरांटोच्या ज्यू समाजातल्या देणग्या, हॉस्पिटलं, संस्था, या सगळ्यात त्यांचं नाव पुढे असायचं. बोलक्या, मिळून मिसळून राहणाऱ्या.

१३ डिसेंबर २०१७, बुधवार. संध्याकाळी दोघं अपोटेक्सच्या ऑफिसात आर्किटेक्टसोबत बसले होते, नवं घर बांधायचं चाललं होतं ना, त्याची मीटिंग. जुनं घर, ५० ओल्ड कॉलनी रोड, विक्रीला काढलेलं, किंमत जवळपास ६९ लाख डॉलर. १५ तारखेला, शुक्रवारी, एजंट गिऱ्हाइकांना घर दाखवायला घेऊन आली आणि तळघरातल्या स्विमिंग पूलजवळ दोघांचे मृतदेह दिसले, गळ्यात पट्टे आणि पट्टे पूलच्या कठड्याला अडकवलेले. बॅरी ७५ वर्षांचे, हनी ७०.

पोलिसांनी त्याच दिवशी सांगितलं की दार-खिडकी फोडल्याच्या खुणा नाहीत आणि कोणी संशयित शोधत नाही. मग मीडियात यायला लागलं की बॅरींनी बायकोला मारून स्वतःला संपवलं असावं. मुलांनी ते साफ नाकारलं, वकील आणि निवृत्त डिटेक्टिव्हांची टीम लावली, दुसऱ्या डॉक्टरकडून पुन्हा पोस्टमॉर्टेम करून घेतलं. सहा आठवड्यांनी, २६ जानेवारी २०१८ ला पोलिसांनी प्रेस घेऊन जाहीर केलं की हा दुहेरी खून आहे आणि दोघांना मुद्दाम लक्ष्य केलेलं आहे.

ते सहा आठवडे नुसते बदनामीचे नव्हते हे लक्षात घ्या. खुन्याला आपण मारलेल्या माणसाचा वारसा घेता येत नाही, हे कॅनडात कोर्टांच्या जुन्या निकालांनी ठरलंय आणि आपल्याकडे हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २५ मध्ये सरळ लिहिलंय. त्यामुळे नवऱ्याने बायकोला मारलं असं कागदावर ठरलं असतं तर बायकोच्या मालमत्तेतलं काही नवऱ्याच्या बाजूने जाऊच शकलं नसतं, आणि मृत्युपत्र, विमा, सगळ्याचं वाचन बदललं असतं.

आणि आधी कोण गेलं हासुद्धा प्रश्न असतोच. कळत नसेल तर ऑन्टारिओचा कायदा म्हणतो की प्रत्येकाची मालमत्ता अशी वाटायची जणू तोच दुसऱ्यापेक्षा जास्त जगला, म्हणजे नवरा-बायको एकमेकांचे वारस होतच नाहीत, दोन इस्टेटी वेगवेगळ्या चालतात. आपल्याकडे याच्या उलट, त्याच हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २१ प्रमाणे वयाने लहान तो मागे राहिला असं धरतात, म्हणजे हा कायदा लागू असता तर हनी बॅरींच्या मागे राहिल्या असं मानून पुढचं सगळं झालं असतं. एकाच रात्रीचे दोन हिशोब.

आता थोडं मागे जाऊ, कारण या घरातला वारसाहक्काचा खरा मोठा तमाशा २०१७ चा नाहीच, तो १९६५ पासूनचा आहे, आणि मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणात सगळ्यात वाचण्यासारखे कागद तेच आहेत.

बॅरींचे मामा, लुईस विंटर. त्यांची एम्पायर लॅबोरेटरीज नावाची औषध कंपनी होती, तरुण बॅरी कॉलेजात असताना तिथे काम करायचे. नोव्हेंबर १९६५ मध्ये मामा अचानक गेले, आणि १७ दिवसांनी मामीही गेल्या, त्यांना रक्ताचा कॅन्सर होता. मागे चार लहान पोरं. इस्टेट सांभाळायला एक ट्रस्ट कंपनी होती, आणि १९६७ मध्ये तिने एम्पायर विकली ती बॅरी आणि त्यांच्या पार्टनरला. त्या करारात एक अट टाकलेली होती की ही मुलं २१ वर्षांची झाली की त्यांना कंपनीत नोकरी मिळेल, आणि काही काळ काम केल्यावर प्रत्येकाला ५ टक्के शेअर घेता येतील, चौघांचे मिळून २० टक्के. भाच्याने मामाची कंपनी घेतली आणि मामाच्या पोरांचा हिस्सा राखून ठेवला, वरवर बघता किती छान.

पण अटीत आणखी एक अट होती, कंपनी बॅरींच्या ताब्यात असेल तरच हे लागू. मुलं मोठी व्हायच्या आत एम्पायर पुढे विकली गेली, अट तिथेच संपली. त्यानंतर बॅरींनी अपोटेक्स काढली, नवीन कंपनी, नवीन कागद.

बॅरींनी या मामेभावांना पुढे बरीच वर्षं पैशाची मदत केली, तीही छोटी-मोठी नाही. पण २००७ मध्ये या मामेभावांनीच बॅरींवर दावा लावला की एम्पायरच्या पैशावरच अपोटेक्स उभी राहिली, आमचा २० टक्के हिस्सा द्या नाहीतर अब्ज डॉलर द्या, आणि बॅरींवर आमचं हित बघायची जबाबदारी होती ती त्यांनी पाळली नाही. भाऊबंदकी म्हणजे काय हे मराठी माणसाला शिकवायला नको, सात-बाऱ्यावरून पिढ्यान् पिढ्या भांडणारी घरं आपण पाहिलीत, इथे सात-बाऱ्याच्या जागी औषधाची कंपनी होती. दहा वर्षं केस चालली. सप्टेंबर २०१७ मध्ये ऑन्टारिओच्या कोर्टाने पूर्ण सुनावणी न घेताच दावा फेटाळला, पुरावाच नाही म्हणून. तीन महिन्यांनी बॅरी आणि हनी गेले.

झालं, लोकांना गोष्ट मिळाली. तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की कोणालाही वाटतंच. त्यात एका मामेभावाने टीव्हीवर बसून बॅरींबद्दलचा जुना राग उघड बोलून दाखवला, खुनाशी आपला काही संबंध नाही हेही त्याने सांगितलं, पण लोकांनी पहिला भाग लक्षात ठेवला. पोलिसांनी आजवर कोणालाही आरोपी केलेलं नाही. आणि थंड डोक्याने बघा, ज्याच्यावर दावा लावलाय तो मेला म्हणून दावा जिंकता येत नाही, तो दावा इस्टेटीवर चालू राहतो, तसा तो राहिलाच, २०१८ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. म्हणजे बॅरी जिवंत असोत नसोत, त्या कागदांवर काही फरक पडत नव्हता. राग वेगळा आणि फायदा वेगळा, आणि चर्चेत ही दोन्ही एकत्र कालवली जातात.

आता त्या फाइलकडे येऊ. इस्टेटीच्या विश्वस्तांनी २०१८ मध्ये कोर्टाला विनंती केली की प्रोबेटचे कागद सील करा, वारसांची आणि विश्वस्तांची नावं बाहेर आली तर त्यांच्या जिवाला धोका आहे, आणि घरच्यांची प्रायव्हसीही आहे. खुनी मोकळा फिरतोय म्हटल्यावर हे मागणं काही वेडगळ नव्हतं. पहिल्या न्यायाधीशाने दोन वर्षांसाठी सील केलंही. पण टोरांटो स्टारचे पत्रकार केव्हिन डोनोव्हन यांनी आव्हान दिलं, २०१९ मध्ये अपील कोर्टाने सील काढायचा आदेश दिला, मग सुप्रीम कोर्ट, आणि तिथेही एकमताने तेच. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की कोर्टाचं काम उघड्यावर चालतं, संकोच वाटतो, नको ते लोकांना कळतं, एवढ्याने फाइल बंद होत नाही, माणसाच्या प्रतिष्ठेच्या गाभ्याला धक्का बसत असेल तर वेगळं, आणि जिवाला धोका म्हणाल तर तो नुसत्या अंदाजावर दाखवून चालणार नाही.

तीन वर्षं लोक अंदाज बांधत होते की त्या फाइलमध्ये काहीतरी भयंकर असणार, कोणाला तरी वगळलंय, कोणाला तरी गुपचूप देऊन टाकलंय. फाइल उघडली. वारस चार मुलं. विश्वस्त घरातले आणि कंपनीतले जवळचे लोक. अब्जाधीशाच्या मृत्युपत्रात जे असायचं तेच. सील केल्यामुळे जेवढी हवा झाली तेवढी उघडं ठेवलं असतं तर झाली नसती असं माझं मत आहे, पण तेव्हा त्या घरात जी भीती असेल तीही समजू शकतो.

आणि इथेच लोक फसतात, त्यांना वाटतं सगळा पैसा या फाइलमध्येच दिसणार. मुंबईकरांना प्रोबेट हे प्रकरण चांगलं माहीत, कोर्टाच्या फेऱ्या, फी, वेळ. ऑन्टारिओत प्रोबेटवर कर लागतो, ५० हजार डॉलरच्या वरच्या रकमेवर दीड टक्का. ४.७७ अब्जावर दीड टक्का काढला तर सात कोटी डॉलरच्या वर जातो. म्हणून तिथले धंदेवाले लोक सर्रास दोन मृत्युपत्रं करतात, कायदेशीरच आहे ते. एक बँकेतल्या पैशासाठी, घरासाठी, ज्याला प्रोबेट लागतंच, आणि दुसरं खाजगी कंपनीच्या शेअर्ससाठी, जिथे शेअर नावावर करायला कंपनीचे डायरेक्टर प्रोबेट मागत नाहीत, म्हणून ते कोर्टात जातच नाही. तिसरी पायरी फॅमिली ट्रस्टची. कॅनडात वारसा कर असा नाही, केंद्र सरकारचा तो १९७२ मध्येच गेला, पण माणूस मेला की त्याने सगळं त्या क्षणी बाजारभावाने विकलं असं समजून कॅपिटल गेन्स, म्हणजे वाढलेल्या किमतीवरचा कर, लावतात. म्हणून जिवंतपणीच मालक आपल्या शेअर्सची किंमत गोठवतो आणि पुढची वाढ मुलांच्या ट्रस्टमध्ये टाकतो. सरकारही काही झोपलेलं नाही, दर २१ वर्षांनी ट्रस्टने सगळं विकलं असं समजून कर वसूल करतं.

अपोटेक्स शर्मन घराण्याच्या शर्फॅम नावाच्या होल्डिंग कंपनीखाली होती. म्हणजे ज्या पैशावरून लोकांच्या गप्पा चालल्या होत्या तो मुख्यतः अशा कंपन्यांमध्ये, आणि कोर्टातल्या एका फाइलवरून त्याचा अंदाज बांधायचा म्हणजे कठीणच. तरी ‘फायदा कोणाला झाला’ हा प्रश्न लोक विचारतच राहतात. वारस म्हटलं की फायदा होणारच, जगातल्या प्रत्येक घरात होतो. या प्रश्नाने या केसमध्ये यादी लांबते, कमी होत नाही. घरचे, मामेभाऊ, स्पर्धक कंपन्या, कोर्टात हरलेले, बॅरींनी पैसे लावलेले धंदे बुडवणारे. राजकारण पण ओढून आणलं, कारण २०१५ मध्ये ट्रुडोंसाठी निधी गोळा करायचा कार्यक्रम या दांपत्याच्या घरी झाला होता आणि त्यावर लॉबिंगची चौकशी लागली होती. २०२० मध्ये कोविड आल्यावर तर हायड्रॉक्सीक्लोरोक्विनशी जोडणारे मेसेज फिरले, खून होऊन दोन वर्षं उलटल्यावर आलेल्या साथीशी. उचलली जीभ लावली टाळ्याला.

हातात ठोस असं काय आहे तर एक व्हिडिओ. पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये सोडला, रात्री घराच्या आसपास चालत जाणारा एक माणूस, चेहरा दिसत नाही, उंची साधारण साडेपाच फुटांच्या थोडी वर, आणि उजवा पाय उचलायची जरा विचित्र लकब. पोलीस त्याला संशयित म्हणतात, नाव माहीत नाही. घरच्यांनी २०१८ मध्ये माहिती देणाऱ्याला १ कोटी डॉलरचं इनाम ठेवलं होतं, डिसेंबर २०२२ मध्ये मुलाने आणखी अडीच कोटी घातले, एकूण साडेतीन कोटी. ते घर २०१९ मध्येच पाडून टाकलंय.

आणि अपोटेक्स? २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या एसके कॅपिटल या प्रायव्हेट इक्विटी फर्मला विकायचं ठरलं, २०२३ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. ज्या कंपनीत मामेभाऊ हिस्सा मागत होते, ज्या कंपनीवरून निम्म्या अफवा उठल्या, ती आता घराण्याकडे नाही. किंमत जाहीर केली नाही. विकणारे खाजगी, घेणारे खाजगी, आकडा सांगायची सक्ती नाही, आणि अशा विक्रीचा पैसा कोणत्या ट्रस्टमध्ये गेला हे बघायला सुप्रीम कोर्टाचा तो निकाल उपयोगाचा नाही, कारण तो निकाल कोर्टात दाखल झालेल्या फाइलला लागू आहे, आणि ट्रस्टची फाइल कोर्टात दाखल होत नाही.