पासवर्ड टाइप होत असताना

(काळा पडदा. ‘पासवर्ड’ या शब्दापुढे कर्सर लुकलुकतोय. कळांचा आवाज येतो, अक्षर एकही उमटत नाही.)

निवेदन:
टर्मिनलवर, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, पहिल्यांदा पासवर्ड टाकणारा माणूस इथे हमखास थबकतो. कीबोर्ड बिघडला की काय?

कीबोर्ड ठणठणीत आहे. एरवी कळ दाबली की अक्षर आधी ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातं, आणि तीच ते पडद्यावर परत धाडते. याला म्हणतात एको. पासवर्ड विचारणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅममधला ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, हा एको तेवढ्यापुरता बंद करायला सांगतं.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सातव्या आवृत्तीत, १९७९ साली, यासाठी गेटपास हे फंक्शन होतं. प्रोग्रॅमचा इनपुट एखाद्या फाइलमधून येत असला तरी ते थेट टर्मिनल उघडायचं आणि समोर बसलेल्या माणसालाच पासवर्ड विचारायचं. ही दूरदृष्टी मला आजही मोलाची वाटते. अक्षरं मात्र पहिली ८च ठेवायचं. बाकीची सोडून द्यायचं.

(कोडच्या तीन ओळी: एको बंद, वाचन, एको चालू.)

सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकताना मीही असं फंक्शन लिहिलं होतं. याच तीन ओळी. चाचणी घेताना मध्येच, प्रोग्रॅम थांबवणारं कंट्रोल-सी दाबलं. प्रोग्रॅम जागच्या जागी संपला, तिसऱ्या ओळीची पाळी आलीच नाही. मग एलएस हा यादीचा हुकूम टाइप केला, तर फाइलींची यादी आली, पण मी टाइप केलेलं काही दिसेना. शेवटी न बघताच, टर्मिनल पूर्ववत करणारा ‘एसटीटीवाय सेन’ हा हुकूम टाइप करून एंटर दाबलं, तेव्हा कुठे अक्षरं परत आली.

२००१ साली ओपनबीएसडी या युनिक्सच्या घराण्यातल्या सिस्टिमीत आलेलं रीडपासफ्रेज हे फंक्शन नेमकं हेच सांभाळतं. सिग्नल, म्हणजे कंट्रोल-सीने जातो तसा इशारा, आला की ते त्याची नोंद घेतं, आधी टर्मिनल पूर्ववत करतं, आणि मग तोच सिग्नल प्रोग्रॅमला पुन्हा देतं.

पडद्यावर न दिसलेला पासवर्ड मेमरीत मात्र जसाच्या तसा पडून असतो. काम झालं की त्या जागी शून्यं भरायची. मेमसेट या नेहमीच्या फंक्शनने भरली, तर ती पुढे कुणी वाचत नाही हे कंपायलरच्या, म्हणजे कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, लक्षात येतं आणि तो ती ओळच गाळू शकतो. म्हणून एक्सप्लिसिट-बीझीरो हे फंक्शन वापरायचं. ती ओळ कंपायलर गाळत नाही.

आणि काही ठिकाणी अक्षरांऐवजी उमटणाऱ्या तारका? त्यांनी टाइप करणाऱ्याला धीर येतो, हे खरं. पण मागे उभ्या असलेल्याला पासवर्डची लांबी कळते. सुडो या, प्रशासकाच्या अधिकाराने हुकूम चालवू देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तारका दाखवण्याची सोय आहे. २०२० च्या सुरुवातीला तिच्याच कोडमधली बफर ओव्हरफ्लोची, म्हणजे राखून ठेवलेल्या मेमरीबाहेर लिहिलं जाण्याची, चूक दुरुस्त करावी लागली. मला रिकामा पडदाच पटतो.

(एंटरचा आवाज. कर्सर खालच्या ओळीवर येतो.)

एको बंद असला की एंटरची नवी ओळसुद्धा उमटत नाही. आत्ता कर्सर खाली आला, कारण ती ओळ फंक्शनने स्वतः लिहिली.