पद्मिनीची गळकी कूलंट नळी बदलताना तोटी कशी सांभाळावी

नमस्कार. गेले काही महिने मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो आहे. प्रीमियर पद्मिनीची कूलंटची नळी नवी आणून बसवली, क्लिप अगदी गच्च आवळली, तरीही रात्रभरात गाडीखाली डाग का पडतो? 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली आणि त्यानंतर वडिलांची किंवा आजोबांची गाडी ताडपत्रीखालून बाहेर काढलेल्या बऱ्याच जणांनी मला हे विचारले आहे. उत्तर थोडक्यात देता येण्यासारखे असते तर मी ते केव्हाच लिहून कळवले असते; पण ही गोष्ट डोळ्यांनी पाहावी लागते, म्हणून आज वडिलांच्या 1979 सालच्या गाडीचे बॉनेट उघडून तुमच्यापुढे उभा आहे.

प्राथमिक गोष्टी तुम्हाला ठाऊक असतील, म्हणून त्या भराभर सांगतो. इंजिन पूर्ण थंड असल्याशिवाय रेडिएटरच्या टोपीला हात लावू नये, कारण आत दाबाखाली असलेले पाणी टोपी सैल होताच उसळते आणि चेहरा भाजतो. रेडिएटरच्या तळाशी पाणी सोडण्यासाठी असलेल्या नळाखाली पसरट भांडे ठेवून कूलंट काढून घ्यावे आणि ते भांडे लगेच झाकावे. कूलंटमधले एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि वाड्यातल्या कुत्र्या-मांजरांचा जीव घेते. वरची नळी इंजिनाच्या हेडपासून रेडिएटरच्या वरच्या टाकीकडे जाते आणि खालची नळी रेडिएटरच्या तळापासून वॉटर पंपाकडे येते. दोन्ही टोकांच्या क्लिपांचे स्क्रू सैल करून त्या नळीच्या मध्यावर सरकवाव्यात. इथपर्यंतचे काम दहा मिनिटांचे आहे.

आता खरा प्रश्न सुरू होतो. क्लिप सुटली, पण नळी हलत नाही. वीस वर्षे गरम होऊन थंड झालेले रबर धातूच्या तोटीला, म्हणजे नळी ज्यावर चढवलेली असते त्या तोंडाला, चिकटून बसलेले असते. अशा वेळी आपला हात आपोआप नळी मुठीत पकडून पिळायला जातो, आणि मला जे कळकळीने सांगायचे आहे ते हेच, की नळी पिळू नका, ओढू नका, तिच्या टोकाखाली पेचकस घालून उचकटू नका. धारदार ब्लेडने तिला लांबीच्या दिशेने चीर द्या आणि केळ्याचे साल सोलावे तशी ती सोलून काढा.

एका प्रेक्षकाने मला लिहिले आहे की कापली तर जुनी नळी वाया जाते, ती डिकीत जादा म्हणून ठेवता आली असती. त्यांची काटकसरीची भावना मला समजते, परंतु जी नळी गळते म्हणून आपण काढतो आहोत, ती घाटात आपल्याला घरी आणणार नाही. शिवाय इथे नळीपेक्षा तोटी फार महाग आहे. ही रेडिएटरची तोटी जरा जवळून पाहा. पितळेचा पातळ पत्रा वळवून तिचे नळकांडे केले आहे आणि ते टाकीला केवळ डाख देऊन जोडले आहे. सांध्याभोवती ही जी करड्या रंगाची, मेणासारखी दिसणारी कड आहे, तोच तो डाख. शिसे आणि कथील यांचा हा मिश्रधातू मऊ असतो. तो पाण्याचा दाब सहज सोसतो, पण पिळण्याचा जोर त्याला सोसत नाही. आपण नळी पिळतो तेव्हा नळी चिकटलेली असल्यामुळे सगळा पीळ या कडेवर येतो आणि तिथे केसाएवढी चीर पडते. ती डोळ्यांना दिसत नाही, थंड गाडीत गळतही नाही. इंजिन तापून दाब वाढला की तिथून थेंब यायला लागतात.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. काही वर्षांपूर्वी गणपतीसाठी कोकणात निघण्याच्या आदल्या दिवशी मी घाईघाईने वरची नळी बदलली, आणि ती काढताना दोन्ही हातांनी पिळली. दुसऱ्या दिवशी कशेडी घाट चढताना तापमानाचा काटा वर गेला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ आली. मी पाऊण तास रस्त्याच्या कडेला थांबलो, क्लिप आणखी आवळली, पाणी भरले आणि पुढे निघालो. खेडपर्यंत हे तीनदा झाले. गावाहून परतल्यावर मी नळी खराब निघाली असे समजून दुसरी आणली आणि ती बसवूनही गळती तशीच राहिली. अखेर रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर कारागिराने तो काढून दोन्ही तोट्या बंद केल्या, पाण्याच्या हौदात बुडवून आत हवा भरली आणि तोटीच्या मुळाशी निघणारे बारीक बुडबुडे बोटाने दाखवले. नळी दोन्ही वेळा चांगलीच होती.

तोटी सांभाळायची म्हणजे केवळ काढताना नव्हे. नळी निघाल्यावर तोटीवर जुन्या रबराचा काळा थर आणि त्याखाली पांढरट-हिरवा क्षार दिसेल. हेडच्या बाजूची तोटी ॲल्युमिनियमची असते आणि तिथे क्षाराबरोबर खड्डेही पडलेले असतात. नव्या नळीचे रबर या खडबडीत पृष्ठभागावर सगळीकडून टेकत नाही, आणि जिथे टेकत नाही तिथून पाणी वाट काढते. क्लिप कितीही आवळली तरी खड्डा भरून येत नाही. म्हणून बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून तोटीभोवती गोल फिरवावा, लांबीच्या दिशेने कधीही घासू नये, कारण लांबीच्या दिशेने पडलेला प्रत्येक ओरखडा म्हणजे पाण्याला बाहेर नेणारा पाट असतो. सुरीने किंवा पटाशीने खरवडू नये. नखाला काही लागेनासे झाले की थांबावे. या कामाला अर्धा तास लागला तरी चालेल, आणि बहुतेकांची गळती याच अर्ध्या तासात थांबते असा माझा अनुभव आहे.

नळी निवडताना मूळ वळणाची, साच्यात घडवलेली नळीच घ्यावी. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला जुनी नळी हातात घेऊन गेलात तर जोडी जुळवून मिळते. सरळ नळी वाकवून बसवली तर ती वळणावर चिंबते, आणि सरळ होण्याचा तिचा रेटा पुन्हा त्याच डाखावर रात्रंदिवस येत राहतो. खालची नळी पंपाच्या ओढीच्या बाजूला असते, त्यामुळे ती मऊ झाली तर वेगात आत ओढली जाऊन चपटी होते आणि गाडी केवळ महामार्गावर तापते. तुमच्या जुन्या खालच्या नळीत तारेची स्प्रिंग असेल, तर ती याचसाठी आहे, ती टाकून देऊ नका.

नवी नळी चढवताना ती घट्ट जाते, म्हणून अनेक जण ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावतात. तसे करू नये, कारण या नळ्यांचे रबर खनिज तेलाने फुगते आणि मऊ पडते. साबणाचे पाणी किंवा थोडे कूलंट पुरते. काहींनी तोटीवर एपॉक्सीची पुट्टी किंवा सिलिकॉन लावण्याचा सल्ला दिला आहे, पण पुढच्या वेळी नळी काढणाऱ्याला ते खरवडावे लागते आणि तेव्हा तोटीचे हाल होतात. रेडिएटरमध्ये हळद टाकण्याविषयीही बऱ्याच जणांनी लिहिले. ड्रायव्हर मंडळींचा हा जुना तोडगा रेडिएटरच्या बारीक छिद्रापुरता घरी पोहोचवतो हे खरे, मात्र नळीच्या सांध्याला त्याचा उपयोग नाही, आणि नंतर रेडिएटर धुतला नाही तर त्याच हळदीचा गाळ अरुंद नळ्यांत बसतो.

क्लिपची जागा नेमकी असावी लागते. तोटीच्या टोकाला एक उंचवट्याची कडी असते. क्लिप त्या कडीच्या पलीकडे, टाकीच्या बाजूला, आणि नळीच्या काठापासून साधारण अर्धा सेंटीमीटर आत बसली पाहिजे. कडीवरच आवळली तर ती घसरते. आता कान देऊन ऐका, स्क्रू फिरवताना आवाज जड होतो आणि क्लिपच्या दोन्ही कडांना रबर किंचित वर येते. तिथे हात थांबवावा. त्यापुढचा प्रत्येक फेरा पितळेचा पातळ पत्रा आत दाबतो, गोल तोटी लंबगोल होते, आणि लंबगोल तोटीवर कोणतीही नळी नीट बसत नाही. पाहा, गोष्ट फिरून पुन्हा तोटीशीच आली. पिळाने डाख सुटतो, खरवडण्याने पृष्ठभाग जातो आणि अति आवळण्याने आकार जातो. नळी मात्र तिन्ही वेळा विनाकारण बदलली जाते.

भरताना विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरू नये, त्यातला चुना आत थर धरतो. लोखंडी ब्लॉक, ॲल्युमिनियमचे हेड आणि पितळी रेडिएटर हे तीन धातू एकाच पाण्यात असतात, त्यामुळे गंज रोखणारे कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळूनच घालावे, आणि ते तांबे-पितळेच्या रेडिएटरला चालते असे डब्यावर लिहिलेले आहे याची खात्री करावी. सावकाश भरावे, टोपी काढलेली ठेवून इंजिन संथ चालू द्यावे आणि वरची नळी हलकेच दाबत राहावे, म्हणजे अडकलेली हवा बुडबुड्यांनी वर येते. या वेळी शर्टाची बाही आणि बोटे पंख्यापासून दूर असू द्यावीत. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याला वाट देणारी झडप, उघडला की वरची नळी एकाएकी गरम लागते, पातळी खाली जाते आणि पुन्हा भरावे लागते. कित्येक पद्मिनींमधून थर्मोस्टॅट कधीकाळी काढून टाकलेला आहे. तुमची नळी हळूहळू तापत असेल तर कारण तेच असावे.

टोपी लावून गाडी पाच-सहा किलोमीटर फिरवून आणा आणि रात्रभर थंड होऊ द्या. नवे रबर पहिल्या तापण्यानंतर थोडे बसते, म्हणून सकाळी प्रत्येक क्लिपला पाव फेरा द्यावा लागतो. त्यानंतर कोरडा पांढरा कागद तोटीच्या मुळाशी, डाखाच्या कडेखालून फिरवून पाहा. कागद नळीच्या काठाशी ओला झाला तर क्लिप पाहावी. मुळाशी ओला झाला तर क्लिपला हात न लावता रेडिएटर उतरवून कारागिराकडे न्यावा.