आधी दक्षिण, मग ड्रिल

समोर दिसते ती लातूर शहरातील एक गच्ची आहे. कमरेइतका कठडा, पाण्याची काळी टाकी आणि अजून खोक्यातच असलेला सौर पाणीतापक. मिस्त्री ड्रिल घेऊन उभा आहे, परंतु स्टँडसाठी भोके पाडण्यापूर्वी घरमालकांनी त्याला थांबवले आहे. घराचे किंवा रस्त्याचे तोंड पाहून दिशा ठरवण्याची सवय मराठवाड्यात आढळते, आणि ती सोडलीच पाहिजे; तापकाचे तोंड खऱ्या दक्षिणेकडे हवे.

सकाळी गच्चीच्या सपाट भागावर ओळंबा लावून एक काठी उभी केली गेली आणि तिच्या बुडाभोवती दोरीने खडूचे वर्तुळ आखले गेले. आखडत जाणाऱ्या सावलीचे टोक दुपारपूर्वी वर्तुळाला जेथे टेकले तेथे पहिली खूण झाली. दुपारनंतर लांबत जाणारी सावली पुन्हा जेथे टेकली तेथे दुसरी. या खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम, आणि तिला गुण्याने काढलेला काटकोन म्हणजे खरी दक्षिणोत्तर. प्राचीन ज्योतिर्गणितातील शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, ही रीत आजही तितकीच अचूक आहे. घड्याळातील बाराच्या सावलीवर मात्र विसंबू नये, कारण लातूर हे भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या सुमारे ६ अंश पश्चिमेस असल्याने येथील मध्यान्ह सरासरी २४ मिनिटे उशिरा होते.

आता उतार. लातूरचा अक्षांश सुमारे १८.४ अंश आहे. मेच्या मध्यास सूर्य थेट माथ्यावर येतो आणि जूनमध्ये किंचित उत्तरेकडे कलतो, पण त्या दिवसांत टाकीतले पाणी तसेही तापलेले असते. गरम पाण्याची खरी निकड मार्गशीर्ष-पौषात असते, आणि तेव्हा भर दुपारीही सूर्य दक्षिण क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर चढतो. म्हणून पाणी तापवणाऱ्या संग्राहकाचा (तापकाच्या ऊन झेलणाऱ्या भागाचा) उतार अक्षांशापेक्षा १० ते १५ अंशांनी अधिक, म्हणजे ३० अंशांच्या आसपास ठेवावा. दोन मीटर लांबीच्या संग्राहकाचे वरचे टोक खालच्या टोकाहून सुमारे एक मीटर उंच आले की हा कोन साधतो. वर्षभर वीज देणाऱ्या पॅनेलला अक्षांशाइतका उतार पुरतो.

कठड्याची ही सावली डिसेंबरातील सकाळी साडेनऊची आहे. त्या वेळी उभ्या वस्तूची सावली तिच्या उंचीच्या जवळपास पावणेदोन पट पडते, त्यामुळे जागा हिवाळ्यातील सावली पाहूनच निवडावी. काळी टाकी येथे संग्राहकाच्या उत्तरेस हलवण्यात आली.

पंप नसलेल्या या संचात गरम पाणी हलके होऊन आपोआप वर चढते. म्हणून साठवण टाकी संग्राहकाच्या वर बसवली जात आहे. दिशा चुकलेला संचही पाणी तापवतो, पण कमी तापवतो, आणि उरलेले काम गीझरकडे व वीजबिलाकडे जाते. स्टँडचे बोल्ट आता आवळले जात आहेत.