हूप स्ट्रेस कोणत्या अक्षांत वाचायचा?

पडद्यावर पोलादी वृत्तचितीचा आडवा छेद आहे. आतली त्रिज्या 500 मिलिमीटर, भिंत 10 मिलिमीटर जाड, आतून दाब 2 मेगापास्कल. दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी, म्हणजे हूप स्ट्रेस, परिघाच्या दिशेचा ताण, सरासरी 100 मेगापास्कल. आतल्या कडेला 101, बाहेर 99, आणि परिघावर सगळीकडे सारखाच.

आता सॉफ्टवेअरने रंगवलेला एक्स दिशेचा स्ट्रेस पाहा. उजव्या कडेला जवळजवळ शून्य, माथ्यावर 100, मधे 45 अंशांवर सुमारे 50. गणित बरोबर आहे. एक्स अक्ष जागचा हलत नाही, भिंत मात्र वळत जाते. त्यामुळे उजवीकडे एक्स म्हणजे जाडीची दिशा, तर माथ्यावर परिघाची. रिझल्ट सिलिंड्रिकल पद्धतीत, म्हणजे त्रिज्या, परिघ आणि लांबी या दिशांच्या अक्षांत, मागवले की कडं एकसारखं रंगतं. अन्सिस या ताण-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी आज्ञा आहे आरसिस, 1. ही पद्धती मूळ बिंदूतल्या झेड अक्षाभोवती असते. वृत्तचिती दुसरीकडे असेल, तर 10 पेक्षा मोठ्या क्रमांकाची लोकल पद्धती तयार करावी लागते. व्हॉन मिसेस स्ट्रेस, म्हणजे सगळ्या दिशांचे ताण मिळून काढलेला एकच आकडा, अक्ष फिरवून बदलत नाही, म्हणून फक्त तोच पाहिला तर यातलं काहीच जाणवत नाही.

आरसिसने बदलतं ते फक्त वाचन. नोडवरची, म्हणजे मेशच्या जाळीतल्या बिंदूंवरची, बंधनं आहेत तशीच राहतात, आणि सर्वात महागात पडणारी गल्लत इथेच होते.

याच वृत्तचितीची 30 अंशांची फाक घेऊ. दोन्ही कापांवर स्पर्शिकेच्या दिशेचं विस्थापन शून्य हवं, त्रिज्येच्या दिशेने मोकळीक हवी. पहिला काप एक्स अक्षावर आहे, तिथे वाय शून्य चालतो. दुसऱ्या कापावरही वाय शून्य दिला, तर फुगणारी भिंत तिथे अडते आणि कापालगत खोटा स्ट्रेस उभा राहतो. म्हणून आधी अन्सिसच्या एनरोटॅट आज्ञेने नोडचे अक्ष सिलिंड्रिकल पद्धतीत फिरवायचे, मग बंधन द्यायचं. फिरवलेल्या नोडचं वाय, म्हणजे आता स्पर्शिकेच्या दिशेचं, विस्थापन अंशांत नसतं, मिलिमीटरमध्येच असतं.

नास्ट्रान या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नोडची नोंद करणाऱ्या ओळीत, ग्रिड कार्डावर, यासाठी दोन रकाने आहेत. सीपी सांगतो नोडची जागा कोणत्या पद्धतीत मोजली. सीडी सांगतो विस्थापनं आणि बंधनं कोणत्या दिशांनी. सीपी भरला आणि सीडी रिकामा सोडला, तर नोड अचूक जागी बसतात, पण बंधनं मूळ एक्स, वाय, झेडमध्येच लागतात. मेशच्या चित्रात हे दिसत नाही. फाकेच्या दुसऱ्या कापाजवळचा हूप स्ट्रेस 100 पासून ढळलेला दिसला, तर आधी सीडी तपासा.