थैली फिरते तेव्हा

बंधुभगिनींनो, चर्चमध्ये दानार्पणाचे गीत सुरू झाले की दानाची थैली फिरते आणि आपण खिसे चाचपू लागतो. शेजाऱ्याशी दोन शब्दही बोलून घेतो. उपासना जणू तेवढ्यापुरती थांबलेली असते. खरे तर ती तेव्हाही चालूच असते.

बायबलमधले, प्रेषित पौलाने फिलिप्पै गावच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती भाविकांना, लिहिलेले पत्र उघडा. पौल बंदिवासात आहे आणि त्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या आपल्या माणसाच्या हाती त्याला मदत पाठवली आहे. चौथ्या अध्यायात पौल तिची पोच देतो. त्या मदतीला तो म्हणतो सुगंध, देवाला मान्य होणारा यज्ञ. हे तर वेदीवरच्या अर्पणाचे शब्द! कैदेतल्या एका माणसाची गरज भागली आणि ते देवाला पोचले.

ही मंडळी मासेदोनियातली. तिथल्या मंडळ्या कमालीच्या दरिद्री होत्या, तरी यरुशलेमेतल्या गरिबांसाठी आमचेही घ्या, अशी गळ त्यांनीच घातली, असे पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रात आहे.

सोलापुरात हे फार समजावून सांगावे लागू नये. विड्या वळणाऱ्या आपल्या भगिनी पाहा. दिवसभर मान मोडून हजार विड्या वळायच्या, त्यातल्या काही छाटात, म्हणजे नापास ठरून बाजूला, जायच्या आणि उरलेल्यांची मजुरी हाती यायची. अशी एखादी आजी पदराची गाठ सोडते, चार घड्यांची दहाची नोट मांडीवर तळव्याने सपाट करते आणि मगच थैलीत टाकते. देवाच्या हाती चुरगळलेली नोट कशी द्यायची!

मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणारी विधवा आपल्याला पाठ आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात तिच्या अगदी आधीचे वचन मात्र आपण चटकन ओलांडतो. विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांना प्रभूने तिथे खडसावले आहे. म्हणून आजीच्या नोटेचे कौतुक करायचे आणि तिच्या औषधपाण्याची चौकशी करायची नाही, हे मंडळीला शोभत नाही. तिने उपासना केली. आपली अजून बाकी आहे.

उपकारस्तुतीच्या, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याच्या, सणाला ज्वारीची पोती येतात, कोंबड्या येतात, लिंबे येतात. मग लिलाव होतो. तो आनंद हवाच. पण कर्ण्यावरून देणाऱ्यांची नावे आणि रकमा वाचणे बंद करा, असे मी स्पष्टच म्हणतो. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असे प्रभूने सांगितले आहे. आपण ते अख्ख्या गल्लीला कळवतो.

आणखी एक करता येईल. शेताच्या कडेचे पीक कापू नका, ते गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी राहू द्या, असे बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. तेव्हा यंदा लिलावाआधी ज्वारीचे एक पोते बाजूला काढा. ज्या घरातला माग बंद पडला आहे तिथे ते दोघातिघांनी नेऊन द्या. मग ते घर मंडळीतले असो वा नसो. दारातूनच परतू नका. बसा, चहा घ्या, पोरांची शाळा कशी चालली आहे ते विचारा.