नोकरी संपली, फॉर्म अजून कपाटात

[दृश्य: टेबलावर पसरलेले आय-९ फॉर्म. कॅमेरा एका फॉर्मच्या खालच्या अर्ध्या भागावर येऊन थांबतो.]

अमेरिकेत ६ नोव्हेंबर १९८६ नंतर कामावर घेतलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याचा आय-९ फॉर्म, म्हणजे त्याची ओळख आणि कामाचा हक्क तपासल्याची नोंद, कंपनीकडे असावा लागतो. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी इमिग्रेशन सुधारणा कायद्यावर सही केली आणि कामाचा हक्क तपासण्याची जबाबदारी नोकरी देणाऱ्यावर आली. कर्मचारी नागरिक असो, ग्रीन कार्डवाला असो की व्हिसावर आलेला, फॉर्म सगळ्यांचा.

हा फॉर्म भरून कुठेही पाठवायचा नसतो. तो कंपनीनेच जपायचा, सरकारने मागितला की दाखवायचा, आणि मुदत संपली की नष्ट करायचा. भरण्याचं प्रशिक्षण बहुतेक एचआर विभागांत मिळतं. जपणं आणि नष्ट करणं या दोन गोष्टी मात्र कुणी शिकवत नाही, आणि गडबड तिथेच होते.

[दृश्य: फॉर्मचा पहिला भाग, जवळून. वैयक्तिक माहितीच्या रकान्यांवर पट्टी.]

या एका पानावर काय काय असतं ते पाहा. पूर्ण नाव, आधीची आडनावं, घरचा पत्ता, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर (सरकारने दिलेला नऊ आकडी ओळख क्रमांक), फोन, ईमेल. परदेशी कर्मचारी असेल तर एलियन नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला क्रमांक) किंवा पासपोर्टचा क्रमांक. सोबत कागदपत्रांच्या झेरॉक्स असतील तर फोटोही आले. दुसऱ्याच्या नावाने कर्ज काढायला लागणारी बहुतेक माहिती इथे एकाच जागी सापडते. म्हणून हा कागद गरजेपेक्षा एक वर्षही जास्त पडून राहू नये.

[दृश्य: कंपनीने भरायच्या दुसऱ्या भागातला ‘नोकरीचा पहिला दिवस’ हा रकाना.]

मुदतीचा हिशोब या रकान्यापासून सुरू होतो. ऑफर लेटरची तारीख किंवा सहीची तारीख इथे उपयोगाची नाही. पगारी काम ज्या दिवशी सुरू झालं, तो दिवस धरायचा.

नियम असा: नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ३ वर्षं, किंवा नोकरी संपल्यापासून १ वर्ष, यांतली जी तारीख नंतरची, तोपर्यंत फॉर्म ठेवायचा. नोकरीत असलेल्या माणसाचा फॉर्म तर नष्ट करण्याचा प्रश्नच येत नाही, तो ३० वर्षं जुना असला तरी.

दोन उदाहरणं घेऊ. एकजण १ जून २०२३ला लागला आणि १५ सप्टेंबर २०२३ला सोडून गेला. तीन वर्षांची तारीख १ जून २०२६, एका वर्षाची १५ सप्टेंबर २०२४. फॉर्म १ जून २०२६पर्यंत ठेवायचा. दुसरी व्यक्ती १० मार्च २०१५ला लागली, २० एप्रिल २०२५ला निवृत्त झाली. तिची तीन वर्षं २०१८मध्येच उलटली, त्यामुळे इथे एक वर्षाची तारीख लागू: २० एप्रिल २०२६.

नोकरी दोन वर्षांपेक्षा कमी झाली तर पहिल्या दिवसापासून ३ वर्षं, दोन वर्षांपेक्षा जास्त झाली तर शेवटच्या दिवसापासून १ वर्ष. हे पाठ असलं तरी प्रत्येक वेळी दोन्ही तारखा लिहून काढाव्यात. सगळ्यात जास्त चुका ‘तीन वर्षं झाली, फाडून टाका’ एवढंच लक्षात ठेवल्याने होतात, आणि त्या चुकीत अजून कामावर असलेल्या लोकांचे फॉर्मही जातात.

ही तारीख काढायची केव्हा? कर्मचारी गेला त्याच दिवशी. शेवटच्या पगाराची, लॅपटॉप परत घेण्याची कामं चाललेली असतात, तेव्हाच तारीख काढून फॉर्मला जोडलेल्या चिठ्ठीवर आणि यादीत लिहावी. वर्षभराने जुन्या पगारपत्रकांतून शेवटचा दिवस शोधत बसणं फार वेळखाऊ असतं.

[दृश्य: दोन वेगळी कपाटं. एकावर सक्रिय, दुसऱ्यावर निवृत्त-राजीनामा अशी पाटी.]

आय-९ फॉर्म कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक फाइलमध्ये ठेवायला कायद्याची हरकत नाही. तरीही ते वेगळे ठेवा, असंच आम्ही सांगू. तपासणीची नोटीस आली की साधारणपणे कामाचे ३ दिवस मिळतात. त्या तीन दिवसांत शेकडो फाइलींमधून एकेक कागद उपसायचा, की एक गठ्ठा उचलून द्यायचा? शिवाय वैयक्तिक फाइल दिली तर आजारपण, पगार, तक्रारी असं न मागितलेलं बरंच काही तपासणी अधिकाऱ्यासमोर जातं.

कामावर असलेल्यांचा गठ्ठा वेगळा, सोडून गेलेल्यांचा वेगळा. दुसरा गठ्ठा आडनावाप्रमाणे न लावता नष्ट करण्याच्या तारखेप्रमाणे लावावा. मग मुदत संपलेले फॉर्म आपोआप पुढे येतात.

झेरॉक्सचा मुद्दा नाजूक आहे. ओळखपत्रांच्या प्रती काढणं बहुतेक कंपन्यांना ऐच्छिक आहे. पण काढायच्या तर सगळ्यांच्या काढाव्या लागतात. फक्त परदेशी दिसणाऱ्या लोकांच्या प्रती ठेवल्या, तर भेदभावाची तक्रार अमेरिकेच्या न्याय विभागापर्यंत जाऊ शकते. ई-व्हेरिफाय, म्हणजे फॉर्मवरची माहिती सरकारी नोंदींशी ऑनलाइन ताडून पाहणारी प्रणाली, वापरणाऱ्या कंपनीला अमेरिकी पासपोर्ट, पासपोर्ट कार्ड, ग्रीन कार्ड आणि रोजगार परवाना कार्ड यांच्या प्रती ठेवाव्याच लागतात. १ ऑगस्ट २०२३पासून व्हिडिओवरून कागदपत्रं तपासण्याची मुभा ई-व्हेरिफायमधल्या कंपन्यांना मिळाली. तो मार्ग निवडला की पुढच्या-मागच्या दोन्ही बाजूंच्या प्रती सक्तीच्या. फॉर्म नष्ट करताना त्याला जोडलेल्या प्रतीही बरोबरच जातात. कागद गेला आणि झेरॉक्स वैयक्तिक फाइलमध्ये राहिली, असं फार वेळा दिसतं.

ई-व्हेरिफायची आणखी एक गोष्ट. दहा वर्षांपेक्षा जुन्या नोंदी सरकार दर वर्षी त्या प्रणालीतून काढून टाकतं. बारा वर्षं कामावर असलेल्या माणसाची तपासणी कधीकाळी झाली होती, हे दाखवायला कंपनीकडेच पुरावा हवा. जुन्या नोंदींचा अहवाल वेळेत उतरवून घ्यावा आणि फॉर्मसोबत ठेवावा.

[दृश्य: स्कॅनरमधून जाणारं पान.]

फॉर्म स्कॅन करून ठेवता येतो, आणि नीट साठवल्यावर मूळ कागद नष्टही करता येतो. मात्र ‘नीट’ म्हणजे काय, हे नियमांनी ठरवलेलं आहे. नोंदी शोधता येतील अशी सूची हवी, वाचता येईल अशी छापील प्रत काढता यायला हवी, बॅकअप हवा. प्रत्येक बदल कुणी, कधी आणि काय केला याची पुसता न येणारी नोंद हवी. शेअर्ड ड्राइव्हवर टाकलेल्या पीडीएफ या कसोटीला उतरत नाहीत.

२०१३ ते २०२३च्या दरम्यानच्या फॉर्ममध्ये पहिला आणि दुसरा भाग वेगवेगळ्या पानांवर होता. घाईत स्कॅन केलेल्या जुन्या गठ्ठ्यांत फक्त पहिलं पान असतं, मूळ कागद फाडलेला असतो, आणि कंपनीने तपासणी केल्याचा पुरावाच उरत नाही. म्हणून कागद श्रेडरकडे, म्हणजे कागद कापणाऱ्या यंत्राकडे, जाण्याआधी स्क्रीनवर पानांची संख्या, सह्या आणि तारखा डोळ्यांनी पाहाव्यात. प्रत्येक फॉर्मच्या.

[दृश्य: यादी हातात घेतलेल्या दोन व्यक्ती.]

आता नष्ट करण्याचं काम. वर्षातून एकदा किंवा दोनदा, ठरलेल्या महिन्यात. एका व्यक्तीने यादी काढायची, दुसरीने दोन्ही तारखा नव्याने मोजायच्या. तिसरी तपासणी कायदा विभागाची: तपासणीची नोटीस, चालू खटला किंवा भेदभावाची तक्रार यांपैकी काही असेल, तर त्याच्याशी संबंधित एकही फॉर्म हलवायचा नाही, मुदत संपलेली असली तरी. नोटीस हातात पडल्यावर सुरू झालेली साफसफाई पुरावा नष्ट केल्यासारखी दिसते, हेतू कितीही सरळ असला तरी.

मुदतीआधी फॉर्म नष्ट झाला तर? तपासणीत तो नसल्यातच जमा. छोट्या तांत्रिक चुका दुरुस्त करायला कामाचे १० दिवस मिळतात, गायब फॉर्मला ती सवलत नाही. २०२५च्या दरांप्रमाणे कागदोपत्री उल्लंघनाचा दंड प्रत्येक फॉर्ममागे २८८ ते २,८६१ डॉलर. कर्मचारी अजून कामावर असेल तर नवा फॉर्म भरावा, त्यावर आजचीच तारीख घालावी आणि काय झालं त्याचं टिपण जोडावं. मागची तारीख टाकणं हा मूळ चुकीहून मोठा गुन्हा ठरतो.

[दृश्य: साध्या श्रेडरमधून निघालेल्या लांब पट्ट्या. त्यांतल्या एका पट्टीवर नऊ आकडे ओळीने वाचता येतात.]

ही पट्टी पाहा. साधा श्रेडर कागद उभा कापतो. पान आडवं गेलं तर छापील ओळ पट्टीच्या लांबीत येते आणि अख्खा सोशल सिक्युरिटी नंबर शाबूत राहतो. हे टाळायला कागदाचे दोन्ही दिशांनी तुकडे करणारं यंत्र हवं. जर्मनीच्या डीआयएन ६६३९९ मानकात पी-४ श्रेणीचा तुकडा जास्तीत जास्त १६० चौरस मिलिमीटरचा असतो, पी-५चा ३० चौरस मिलिमीटरचा. आय-९साठी पी-४च्या खाली जाऊ नये; यंत्र नवं घेत असाल तर पी-५ घ्या. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेने २०१४च्या मार्गदर्शिकेत कागदासाठी १ गुणिले ५ मिलिमीटर एवढा बारीक तुकडा सुचवला होता.

बाहेरच्या कंपनीला काम देणार असाल तर कुलूपबंद पेटी, पेटी उचलतानाची सही, आणि शक्य असेल तर तुमच्या आवारात उभ्या ट्रकमध्येच तुकडे. त्या कंपनीकडे नेड ट्रिपल-ए (माहिती सुरक्षितपणे नष्ट करणाऱ्या कंपन्यांना मिळणारं) प्रमाणपत्र आहे का ते विचारा. कागद पेटीत पडल्यापासून तुकडे होईपर्यंत किती दिवस जातात, हेही विचारा. फॉर्म सगळ्यात जास्त असुरक्षित असतात ते याच दिवसांत.

[दृश्य: फोटोकॉपियरच्या मागून काढलेली हार्ड डिस्क.]

डिजिटल प्रतींचं काम जास्त चिवट. फाइल डिलीट केल्याने ती जात नाही. ती ईमेलच्या अटॅचमेंटमध्ये असते, कुणाच्या फोनमधल्या फोटोंत असते, क्लाउडच्या जुन्या आवृत्त्यांत, बॅकअपमध्ये असते. भाड्याच्या फोटोकॉपियरच्या डिस्कवर स्कॅन केलेल्या पानांच्या प्रतिमा राहू शकतात. यंत्र परत देताना ती डिस्क पुसून किंवा काढून घ्यावी. एसएसडीवर (चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कवर) वरून माहिती लिहून जुनी पुसण्याची पद्धत भरवशाची नाही, कारण ती डिस्क नवा मजकूर वेगळ्याच जागी लिहिते. तिथे सुरुवातीपासून एन्क्रिप्शन ठेवून (माहिती सांकेतिक रूपात साठवून) शेवटी ती उलगडणारी किल्ली नष्ट करणं, किंवा डिस्कच चिरडणं, हे खात्रीचे मार्ग.

[दृश्य: नोंदवहीचं पान.]

शेवटी नोंद. नाव किंवा कर्मचारी क्रमांक, नोकरीचा पहिला आणि शेवटचा दिवस, मोजलेली मुदत, नष्ट केल्याची तारीख, पद्धत, दोघांच्या सह्या. सोशल सिक्युरिटी नंबर या वहीत लिहायचा नाही. श्रेडिंग कंपनीचं प्रमाणपत्र इथेच जोडावं. उद्या अधिकाऱ्याने एखाद्या जुन्या कर्मचाऱ्याचा फॉर्म मागितला, तर वहीतली ही एक ओळ त्याच्यासमोर ठेवता येते.